रामलिंग मुदगड ते गोकुळ वस्ताद तालीम: मराठवाड्याच्या कुस्तीतील मल्ल आणि वस्ताद

मराठवाड्याच्या कुस्तीचा इतिहास आजवर प्रामुख्याने मैदानांचा आणि किताबांचा इतिहास म्हणून सांगितला गेला आहे. कोणत्या साली कोणी कोणाला चितपट केले, गदा कोणाच्या खांद्यावर गेली, यापलीकडे तो सहसा जात नाही. या इतिहासाचा दुसरा आणि अधिक टिकाऊ भाग वस्तादांचा आहे. वस्ताद म्हणजे तालमीचा प्रमुख शिक्षक, जो मल्लाची मेहनत, खुराक, डाव, शिस्त आणि कोणत्या जोडीशी कधी लढायचे याचा निर्णय या सर्वांची जबाबदारी घेतो आणि जो बहुतेक वेळा स्वतः एके काळचा नामांकित मल्ल असतो. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचे हरिश्चंद्र बिराजदार (१९५०-२०११) यांचे जीवन या दोन्ही भागांना जोडणारे आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महाराष्ट्र केसरी आणि विसाव्या वर्षी राष्ट्रकुल सुवर्णपदक अशी झपाट्याने चढलेली मल्लाची कारकीर्द एकीकडे, आणि पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मराठवाड्यातल्या पुढच्या पिढ्या घडवणारी वस्तादाची संथ, दीर्घ कारकीर्द दुसरीकडे, अशी त्यांच्या आयुष्याची विभागणी होते. या दोहोंपैकी दुसरीचा परिणाम अधिक दूरवर पोचला, आणि मराठवाड्यासारख्या मल्ल देणाऱ्या पण मोठ्या तालमी नसलेल्या प्रदेशात तो तसाच पोचणे स्वाभाविक होते, हे येथे दाखवायचे आहे.

बिराजदार यांचा जन्म ५ जून १९५० रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या वेळी निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात मोडत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदरचे निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे मराठीभाषक तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, १९६० साली ते महाराष्ट्राचे झाले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आल्यावर निलंगा त्यात समाविष्ट झाला. एकाच गावात राहणाऱ्या माणसाचा जिल्हा दोनदा बदलावा, अशी ही सरहद्द होती, आणि या अस्थिरतेचा कुस्तीशी थेट संबंध आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध यांसारख्या संस्थानांत राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या तालमी विलीनीकरणानंतरही शहरांच्या पेठांनी जगवल्या. हैदराबाद संस्थानात मात्र पैलवानीचा आश्रय मुख्यतः राजधानीत एकवटलेला होता आणि मराठवाड्याच्या जिल्ह्यांच्या गावांना राजधानीपासून दूर राहण्याची किंमत शाळा, रस्ते आणि पाणी यांच्याबरोबर तालमींच्या बाबतीतही मोजावी लागली.

तालीम नव्हती याचा अर्थ कुस्ती नव्हती असा नाही. मराठवाड्यात कुस्तीचे खरे घर गावची यात्रा होते आणि बऱ्याच अंशी आजही आहे. लातूरच्या सिद्धेश्वराची महाशिवरात्रीला भरणारी यात्रा किंवा नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातील माळेगावची मार्गशीर्षातील खंडोबाची यात्रा, जी घोड्यांच्या आणि इतर जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखली जाते, अशा ठिकाणी देवाचे दर्शन, बाजार आणि तमाशा यांच्या जोडीने कुस्त्यांचा फड हा यात्रेचा एक ठरलेला भाग असतो. फड म्हणजे माणसांच्या कड्याने वेढलेले मोकळे मैदान. त्यात सुरुवातीला लहान मुलांच्या नारळ-खोबऱ्यावरच्या कुस्त्या लागतात, मग रकमेच्या चढत्या क्रमाने जोड्या लागत जातात आणि दिवस मावळायच्या सुमारास यात्रा कमिटीने सर्वांत मोठे इनाम लावलेली शेवटची कुस्ती होते. हलगीच्या ठेक्यावर शड्डू ठोकून मैदानात फिरणारा मल्ल आपल्या जोडीचा शोध घेतो, गावचे जाणते पंच दोघांची उंची, वजन आणि नाव पाहून जोड पक्की करतात, आणि कुस्ती निकाली व्हावी, म्हणजे एकाचे दोन्ही खांदे मातीला टेकून पाठ लागावी, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते. या पद्धतीत गावोगावच्या तगड्या पोरांना नाव मिळते, चार पैसे मिळतात आणि गावाचा मानही राहतो, पण शिकवण मिळत नाही. यात्रा वर्षातून एकदा भरते आणि मल्लाला मात्र रोज पहाटे कोणीतरी लढवावे लागते.

निलंगा, देवणी, उदगीर या पट्ट्यात या यात्रांचे आणखी एक वैशिष्ट्य दिसते. बिदर, भालकी, बसवकल्याण ही गावे इथून जवळ असल्यामुळे मराठी आणि कानडी दोन्ही बोलींचे मल्ल एकमेकांच्या फडांत उतरत आणि पंच, हलगीवाले, प्रेक्षक सरहद्दीचा फार विचार न करता ये-जा करत. जमिनीचा प्रश्न मात्र वेगळा होता. या भागातली काळी जमीन कापूस, ज्वारी आणि डाळींना मानवते. आखाड्याला ती चालत नाही, कारण ओली झाली की ती चिकटते आणि वाळली की भेगाळते. आखाड्यासाठी तांबडी माती बाहेरून आणून, चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मिसळून ती मऊ आणि जखमेला न चिघळवणारी करावी लागते, आणि रोज खोऱ्याने उकरून ती सैल ठेवावी लागते. असा आखाडा बारमाही राखायला माणसे, पैसा आणि एखादी मंडळी मागे उभी लागते. शेती पावसावर आणि पाऊस लहरीवर अवलंबून असलेल्या गावांत हा खर्च वर्षभर पेलणे अवघड होते, म्हणून ज्या घराला आपला मुलगा खरोखर पैलवान करायचा असे, ते त्याला पश्चिम महाराष्ट्रात पाठवत.

बिराजदार यांचाही मार्ग कोल्हापुरातून गेला. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना दिलेला आश्रय आणि १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान यांमुळे कोल्हापूर हे विसाव्या शतकात मराठी कुस्तीचे केंद्र बनले होते. तिथल्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, मठ यांसारख्या तालमींत महाराष्ट्राच्या आणि उत्तर कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यातून मुले राहायला येत. तालीम ही शाळा आणि वसतिगृह अशी दुहेरी संस्था असते. पहाटे उठून जोर आणि बैठका, मग आखाड्यात लढती, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा मेहनत, असा दिनक्रम. स्वयंपाक मुले स्वतः करतात आणि दूध, तूप, बदाम, थंडाई व मांस यांचा खुराक ज्याचा त्याने घरून आलेल्या पैशातून किंवा एखाद्या आश्रयदात्याच्या मदतीने भागवायचा असतो. लातूर-बीडकडचा मुलगा इथे आला की त्याला अनुभवी जोडीदार मिळत, वस्ताद मिळत आणि मोठी मैदाने मिळत. मात्र या सर्वांसाठी घर सोडावे लागे, आणि घरच्या एका एकरातले उत्पन्न पोराच्या खुराकावर जाई. मराठवाड्यातल्या मल्लाच्या कारकिर्दीत स्थलांतर ही अशा रीतीने पहिलीच पायरी होती.

या स्थलांतराला फळ आले ते मराठवाड्यातच. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने झाली होती आणि परिषदेने १९६१ साली सुरू केलेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा, जी राज्यातल्या मल्लांमध्ये सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवते, तिचे पहिले अधिवेशन औरंगाबादेत भरले होते आणि दिनकर दह्यारी तिचे पहिले विजेते ठरले होते. दरवर्षी स्थान बदलणारी ही स्पर्धा १९६९ साली लातूरला आली आणि त्या वर्षीचा किताब हरिश्चंद्र बिराजदार यांनी मिळवला. त्यापूर्वीच्या विजेत्यांत गणपत खेडकर, दिनानाथसिंह, चंबा मुतनाळ अशी नावे होती आणि लगेच पुढच्या दोन वर्षांत, १९७० व १९७१ मध्ये, कोल्हापूरच्या तालमीतले दादू चौगुले विजयी झाले. या क्रमात निलंग्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाचे नाव येणे, आणि तेही आपल्याच भागातल्या मैदानावर, याचा अर्थ मराठवाड्यातल्या गावागावांनी आपापल्या परीने लावला. ज्या प्रदेशाला राज्याच्या नकाशावर येऊन अवघी तेरा वर्षे झाली होती, त्याला राज्याचा किताब मिळाला होता.

पुढच्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे भरलेल्या ब्रिटिश राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत बिराजदार यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत भारताला मिळालेली पाचही सुवर्णपदके कुस्तीतली होती. वेदप्रकाश, सुदेशकुमार, उदयचंद, मुख्तियारसिंग आणि बिराजदार हे त्यांचे मानकरी. या विजयाचे महत्त्व समजण्यासाठी मातीची आणि गादीची कुस्ती यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. मातीवरच्या कुस्तीला परंपरेने वेळेचे बंधन नव्हते आणि निकाल चितपटीवर होई. त्यामुळे मल्ल दमवणे, वाट पाहणे आणि एका निर्णायक डावावर सगळे लावणे हा डावपेच चालत असे. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर, ठरावीक वेळेत, वजनगटांत आणि गुणांवर लढली जाते. प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचे, त्याला पाठीच्या धोक्यात आणण्याचे, वर्तुळाबाहेर ढकलण्याचे वेगवेगळे गुण असतात, आणि जो आधी पुढाकार घेतो त्याचा फायदा होतो. खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते, पण त्यानंतर भारतीय कुस्तीला ऑलिंपिक पदकासाठी २००८ पर्यंत, म्हणजे तब्बल ५६ वर्षे थांबावे लागले. या दीर्घ खंडामागच्या कारणांत गादीचा सराव देणाऱ्या सोयी फारच थोड्या ठिकाणी असणे हे एक होते. मातीत वाढलेल्या वीस वर्षांच्या मल्लाने अशा स्थितीत परदेशी गादीवर जिंकणे ही घटना त्याला पुढे वस्ताद म्हणून मिळालेल्या दृष्टीचे मूळ म्हणता येईल.

त्यानंतरच्या दशकात बिराजदार देशातल्या मोठ्या फडांचे मल्ल होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी रुस्तम-ए-हिंद हा किताब मिळवला. या काळातल्या जंगी कुस्त्या, म्हणजे आधी तारीख ठरवून, तिकीट लावून भरवल्या जाणाऱ्या मोठ्या लढती, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, दिल्ली अशा शहरांत होत आणि त्यांना हजारोंची गर्दी लोटे. त्यांत दिल्लीच्या गुरू हनुमान यांच्या आखाड्याचे मल्ल दक्षिणेत उतरू लागल्याने उत्तर विरुद्ध महाराष्ट्र अशी एक चुरस निर्माण झाली होती, आणि सतपाल हे त्या आखाड्याचे सर्वांत गाजलेले नाव होते. १९७७ साली बेळगावात बिराजदार आणि सतपाल यांची कुस्ती झाली आणि ती बिराजदार यांनी जिंकली. बेळगाव हे १९५६ पासून कानडी राज्यात राहिलेले आणि मराठी प्रेक्षकांनी भरलेले शहर असल्यामुळे, या विजयाला खेळापलीकडचाही रंग चढला. बिराजदार तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि सतपाल बावीस वर्षांचे; सतपाल यांनी पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. बिराजदार यांच्या चाहत्यांसाठी मात्र बेळगावची ही लढत त्यांच्या मल्लकारकिर्दीची ओळख बनून राहिली.

मल्लाची कारकीर्द लहान असते. शरीर ती पेलते तोवर ती चालते, आणि तिशी उलटली की बहुतेक मल्लांसमोर फार थोडे मार्ग उरतात. पोलीस, रेल्वे, लष्कर किंवा साखर कारखाना यांपैकी कुठे नोकरी असेल तर ती. नसेल तर शेती. आणि ज्याच्याकडे नाव, डावांची समज आणि मुलांना धरून ठेवण्याची चिकाटी असेल त्याच्यासाठी वस्तादी. बेसबॉल किंवा फुटबॉल यांसारख्या सांघिक खेळांत खेळाडूचा व्यवस्थापक होतो तेव्हा तो सीमारेषेबाहेरून चाली ठरवतो आणि संघाचा पगारदार असतो. कुस्तीतला वस्ताद मात्र तालमीतच राहतो, मुलांबरोबर उठतो, त्यांच्याबरोबर जेवतो, आणि त्याचा मोबदला बऱ्याचदा मानात आणि शिष्यांनी जिंकलेल्या इनामाच्या हिश्श्यात मिळतो. महाराष्ट्रात मल्लाचा वस्ताद होण्याची परंपरा बिराजदार यांच्याआधीपासून होती. १९६० साली हिंद केसरी झालेले आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला गेलेले गणपतराव आंदळकर यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत अनेक पिढ्या घडवल्या. ते सर्वांचे ‘आबा’ होते. त्याच चालीने बिराजदार शिष्यांचे आणि नंतर साऱ्या कुस्तीक्षेत्राचे ‘मामा’ झाले.

बिराजदार यांनी आपले कार्यस्थान म्हणून पुणे निवडले आणि गोकुळ वस्ताद तालमीत ते शिकवू लागले. पुण्याच्या जुन्या पेठांत तालमींची परंपरा पेशवाईपासूनची होती आणि विसाव्या शतकात ती गणेशोत्सव मंडळांशी, वस्त्यांच्या राजकारणाशी आणि स्थानिक व्यापाऱ्यांच्या मदतीशी जोडली गेली होती. १९८० नंतर पुण्याचे स्थान आणखी वेगळ्या कारणाने महत्त्वाचे ठरले. मराठवाड्यातून शिक्षणासाठी, मजुरीसाठी आणि नोकरीसाठी पुण्याकडे जाणाऱ्यांची रीघ वाढत होती. लातूर, बीड, उस्मानाबादकडच्या कुटुंबांचे कोणीतरी नातेवाईक शहरात असणे नेहमीचे झाले होते. आणि तालमीत पाठवलेला मुलगा शिकूही शकेल आणि पुढे नोकरीच्या संधीच्या जवळही राहील, हा हिशेब कोल्हापूरपेक्षा पुण्यात अधिक जमत असे. कोल्हापूरने पूर्वी मराठवाड्याच्या मुलाला परक्या गावात स्वीकारले होते. पुण्यात त्याला आपल्याच भागातला, आपली बोली बोलणारा, त्याच वाटेने आलेला वस्ताद भेटला. ज्याला स्वतःला घर सोडून शिकावे लागले त्यानेच इतरांच्या घर सोडण्याची धार बोथट केली, हे बिराजदार यांच्या वस्तादीचे पहिले सामाजिक मोल म्हणता येईल.

वस्तादाचे रोजचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा बारीक असते. नवा मुलगा आला की प्रथम काही महिने त्याला जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे आणि माती उकरणे यांतच ठेवले जाते, कारण आखाडा खणताना पाठ आणि खांदे जसे तयार होतात तसे इतर कशाने होत नाहीत. मग त्याला त्याच्यापेक्षा किंचित जड जोडीदाराबरोबर लढवले जाते. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, घिस्सा, एकलंगी, भारंदाज हे डाव एकामागून एक शिकवायचे की मुलाच्या बांध्याला शोभतील तेवढेच दोन-तीन पक्के करायचे, हा निर्णय वस्तादाचा असतो. लांब हातापायांच्या मुलाला पट काढणे सोपे जाते, आखूड आणि रुंद मुलाला भारंदाज, म्हणजे जमिनीवर प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला मिठी मारून त्याला उलटवणे, अधिक साधते. यात्रेच्या फडांत कोणाशी जोड लावून द्यायची, कोणाशी नाही, हेही वस्ताद ठरवतो. नामांकित मल्लाशी उतावळेपणाने भिडवून मुलाचा धीर खचू नये आणि फार सोप्या जोड्या देऊन तो आळशीही होऊ नये, हा तोल त्याला सांभाळावा लागतो. याशिवाय जखमा, खुराकाचे पैसे, घरून आलेले निरोप, लग्नाची घाई आणि परीक्षा, या सर्व गोष्टी वस्तादाच्या कानावर येतातच.

बिराजदार यांच्या वस्तादीचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी माती सोडली नाही आणि गादीही दुय्यम मानली नाही. मातीत पकड, ताकद आणि दम तयार होतो, कारण सैल मातीत प्रत्येक पाऊल रोवून टाकावे लागते. गादीवर वेग, संतुलन आणि गुणांचा हिशेब शिकायला मिळतो. १९८० आणि १९९० च्या दशकांत राज्य व राष्ट्रीय स्पर्धा वाढत्या प्रमाणात गादीवर होऊ लागल्या तशी जुन्या तालमींपुढे अडचण उभी राहिली, कारण गादी महाग होती, तिला जागा लागे आणि तिच्यावर शिकवणारे कमी होते. स्वतः एडिंबराच्या गादीवर जिंकलेल्या वस्तादाला हे संक्रमण टाळण्याऐवजी पेलणे शक्य होते. ‘मातीचा पैलवान’ आणि ‘गादीचा पैलवान’ ही आज महाराष्ट्र केसरीतही स्वतंत्र विभागांच्या रूपाने मान्य झालेली विभागणी आहे: दोन्ही विभागांचे विजेते अंतिम लढतीत एकमेकांसमोर येतात.

या संक्रमणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बिराजदार यांचे शिष्य आणि लातूर जिल्ह्यातलेच काका पवार. पवार यांनी ग्रीको-रोमन पद्धतीत प्रावीण्य मिळवले. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखालची पकड आणि पायांचा वापर निषिद्ध असलेला ऑलिंपिक प्रकार, ज्यात छातीला छाती भिडवून, उचलून आणि फेकून गुण मिळवावे लागतात. पट काढण्यावर वाढलेल्या मराठी मल्लांना तो स्वभावतः परका. त्यात आंतरराष्ट्रीय पदके मिळवून पवार यांनी १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळवला, आणि पुढे तेही वस्ताद झाले. पुण्याच्या कात्रज परिसरात त्यांनी उभारलेल्या आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुलात निवास, गादी, व्यायामशाळा आणि आखाडा एकत्र आले. म्हणजे पेठेतल्या तालमीचे शहराच्या काठावरच्या प्रशिक्षण केंद्रात रूपांतर झाले. शिष्य मल्ल होतो, मल्ल वस्ताद होतो आणि त्याचा शिष्य पुन्हा मल्ल होतो, ही साखळी इथे पूर्ण दिसते.

साखळीचा पुढचा दुवा बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यातून आलेले राहुल आवारे. पैलवान वडिलांच्या हाताखाली सुरुवात केल्यानंतर ते पुण्याला बिराजदार यांच्याकडे आले, आणि १४ सप्टेंबर २०११ रोजी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बिराजदार यांचे निधन झाल्यावर काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची वाटचाल सुरू राहिली. एका वस्तादाचा शिष्य त्याच वस्तादाच्या दुसऱ्या शिष्याकडे गेला. तालमीच्या परंपरेत गुरुबंधूने धाकट्याला सांभाळण्याचा जो रिवाज आहे तो इथे पुण्यासारख्या शहरात, पगारदार प्रशिक्षकांच्या काळात, जिवंत राहिला. २०१८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनगटात आवारे यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून सुवर्णपदक मिळवले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना, बिराजदार यांना, अर्पण केले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, कझाकस्तानमधील नूर-सुलतान येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो वजनगटात त्यांनी कांस्यपदक मिळवले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्या स्पर्धेत गुरूने १९७० साली सुवर्ण मिळवले, त्याच स्पर्धेत शिष्याने ४८ वर्षांनी ते पुन्हा मिळवले, आणि मधल्या काळात तंत्र बदलले, नियम बदलले, पण शिकवणीचा धागा तुटला नाही.

बेळगावच्या जुन्या लढतीतले दोघेही मल्ल अखेर वस्तादच झाले, ही नोंद इथे उपयोगी ठरते. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये प्रशिक्षण सुरू केले आणि २००८ व २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पदके मिळवणारे सुशीलकुमार तसेच २०१२ चे कांस्यपदक विजेते योगेश्वर दत्त हे त्यांच्या मार्गदर्शनाखाली वाढले. छत्रसाल हे दिल्ली सरकारचे स्टेडियम होते. गादी, निवास आणि इतर सोयींना तिथे शासकीय आधार होता, आणि हरियाणाच्या गावांतली मुले एका दिवसात तिथे पोचू शकत. बिराजदार यांच्या पाठीशी असे काही नव्हते. त्यांची तालीम पेठेची, शिष्य कित्येक मैलांवरच्या कोरडवाहू गावांतले आणि आधार मुख्यतः खासगी. दोन्ही वस्तादांच्या परिणामांची तुलना करताना ही विषम सुरुवात बाजूला ठेवता येत नाही, आणि ऑलिंपिकच्या पदकतक्त्यात मराठवाड्याचे नाव दिसत नाही म्हणून तिथल्या वस्तादीचे मोल कमी ठरत नाही.

शासनाने बिराजदार यांच्या दोन्ही कारकिर्दींची एकत्र दखल घेतली ती २००६ च्या ध्यानचंद पुरस्काराने. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून आहे. ध्यानचंद पुरस्कार मात्र २००२ साली सुरू झाला तो अशा खेळाडूंसाठी, ज्यांनी खेळताना यश मिळवले आणि निवृत्तीनंतरही खेळाची सेवा चालू ठेवली. बिराजदार यांच्या आयुष्याला हा निकष नेमका लागू पडतो. याचबरोबर हेही खरे, की अशा पुरस्काराची वेळ मल्ल-वस्तादाच्या आयुष्यात फार उशिरा येते, आणि मधल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याने जी तालीम चालवली तिला त्या काळात फारसा हात लागलेला नसतो.

या परंपरेची आजची अवस्था सर्वांत स्पष्टपणे दिसली ती २०२० च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत. गादी विभागातून आलेले नाशिकचे हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून आलेले लातूरचे शैलेश शेळके हे दोघेही काका पवार यांचेच शिष्य होते, म्हणजे बिराजदार यांच्या शिष्याचे शिष्य. सदगीर यांनी ३-२ अशा निसटत्या गुणांनी लढत जिंकली आणि विजयानंतर पराभूत गुरुबंधूला खांद्यावर उचलून घेतले. एका तालमीतले दोन मल्ल राज्याच्या सर्वोच्च लढतीत समोरासमोर येणे ही वस्तादाची कसोटी असते, कारण त्याला दोघांपैकी कोणाच्याही बाजूने उभे राहता येत नाही. त्याने आधी केलेले काम तेवढेच तिथे बोलते.

वरील सर्व घटनांमधून मराठवाड्याच्या कुस्तीचे एक रूप समोर येते. ज्या प्रदेशाने १९६९ साली आपल्याच मैदानावर महाराष्ट्र केसरी पाहिला, त्याने त्या मल्लाला घडवण्याची जागा मात्र कधीच स्वतःकडे ठेवली नव्हती. आधी ती कोल्हापुरात होती, नंतर पुण्यात गेली. बिराजदार, पवार आणि आवारे या तिघांच्याही वाटा गावातून यात्रेत, यात्रेतून दूरच्या तालमीत आणि तिथून आंतरराष्ट्रीय गादीवर अशा गेल्या. लातूर आणि नांदेडच्या यात्रांत आजही लहान पोरे नारळावर कुस्ती खेळतात आणि त्यांच्यापैकी मोजकी पुण्याला पोचतात, ती कोण हे बहुधा घराच्या पैशावर आणि एखाद्या ओळखीवर ठरते. हे चित्र बदलायचे असेल तर गादी, राहण्याची सोय आणि पगारदार प्रशिक्षक असलेली केंद्रे लातूर-नांदेडातच उभी राहावी लागतील, आणि त्यासाठी मुख्य प्रश्न जागेचा किंवा पैशाचा नसून वस्तादांचा आहे. पुण्यात घडलेले मल्ल निवृत्तीनंतर शिकवायला गावाकडे परतले, तर बिराजदार यांनी बाहेर राहून जे काम केले ते त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात पुढे जाऊ शकेल.